अशी ऑपरेशनं किती केलीत?

१९१९ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतले नामवंत सर्जन न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जमले होते. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या त्यांच्या संस्थेनं शंभर किंवा त्याहून जास्त खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी पूर्ण केली होती. अटी साध्या होत्या. प्रत्येक रुग्णाची व्यवस्थित नोंद हवी, प्रयोगशाळा आणि क्ष-किरण तपासणीची सोय हवी, डॉक्टरांनी ठरावीक काळानं एकत्र बसून आपापल्या कामाचा आढावा घ्यायला हवा. एवढ्या कसोटीला उतरली अवघी ८९ रुग्णालयं. नापास झालेल्यांत देशातली काही मानाची नावं होती. यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागली तर गहजब होईल, म्हणून ती रातोरात हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली.

कुठल्या रुग्णालयात जावं, कुणाच्या हातून ऑपरेशन करून घ्यावं, हा प्रश्न रुग्णांना तेव्हाही पडत होता. उत्तराचा निदान काही भाग कागदावर आला होता, आणि ज्यांनी तो कागद तयार केला त्यांनीच तो जाळला. पुढे हृदयशस्त्रक्रियेच्या सगळ्या वाटचालीत हा झगडा चालू राहिला. ज्याच्या हृदयात एकदा बसवलेली झडप निकामी झाली आहे आणि ती पुन्हा बदलावी लागणार आहे, त्याचा तर जीवच या झगड्याच्या निकालावर टांगलेला असतो.

पाहणीमागची मूळ कल्पना बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमनची. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला हा सर्जन प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड ठेवी. तक्रार काय होती, निदान काय केलं, ऑपरेशन कोणतं झालं आणि वर्षभरानं तो माणूस कसा आहे, हे त्यावर लिहिलेलं असे. गुण आला नसेल तर दोष ज्ञानात होता, हातात होता, निदानात होता की साधनांत, याचीही नोंद असे. हे निकाल जाहीर व्हावेत आणि सर्जनांना बढती ज्येष्ठतेवर न देता निकालांवर द्यावी, असा त्याचा आग्रह होता. १९११ मध्ये त्यानं स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं. १९१६ पर्यंत तिथून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्यानं स्वतः छापल्या आणि ते पुस्तक देशभरातल्या रुग्णालयांना पाठवलं. १९१५ च्या जानेवारीत बॉस्टनच्या डॉक्टरांच्या सभेत त्यानं आठ फुटी व्यंगचित्र उघडं केलं होतं. श्रीमंत बॉस्टनकरांचं शहामृग वाळूत डोकं खुपसून बड्या डॉक्टरांच्या दिशेनं सोन्याची अंडी ढकलत आहे, असं ते चित्र. सभेत हलकल्लोळ झाला. त्या डॉक्टरांच्या संस्थेतलं कॉडमनचं अध्यक्षपद गेलं, हार्वर्डमधली अध्यापकी गेली. १९४० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. तो बसवला गेला २०१४ मध्ये.

याच बॉस्टनमध्ये, कॉडमन हयात असताना, हृदयाच्या झडपेला पहिल्यांदा यशस्वीपणे हत्यार लागलं. २० मे १९२३ रोजी पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात एलियट कटलर यांनी एका बारा वर्षांच्या मुलीची आकुंचित झालेली मायट्रल, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, झडप कापून मोकळी केली. मुलगी साडेचार वर्षं जगली. त्यानंतरचे त्यांचे रुग्ण मात्र एकामागून एक दगावले आणि त्यांनी हे ऑपरेशन थांबवलं. १९२५ मध्ये लंडनला हेन्री सूटर यांनी वेगळा मार्ग काढला. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून थेट बोट आत घालून त्यांनी एका तरुणीची झडप रुंद केली. ती वाचली, बरी होऊन घरी गेली. तरीही एकाही फिजिशियननं सूटरकडे दुसरा रुग्ण पाठवला नाही. या प्रकारात त्यांच्या नावावर एकच ऑपरेशन राहिलं.

फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेली यांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांचे सुरुवातीचे रुग्ण टेबलावर किंवा नंतर लगेच दगावले. सहकारी त्यांना मागे खाटीक म्हणू लागले, रुग्णालयांची दारं बंद होऊ लागली. १० जून १९४८ रोजी त्यांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत दोन ऑपरेशनं ठरवली. सकाळचा रुग्ण गेला तरी बातमी पसरायच्या आत दुपारचं ऑपरेशन सुरू झालेलं असावं, हा हेतू. सकाळचा रुग्ण गेला. दुपारची चोवीस वर्षांची स्त्री वाचली. आठवड्याभरात बेली तिला रेल्वेनं शिकागोच्या वैद्यकीय परिषदेत घेऊन गेले.

त्या दुपारच्या ऑपरेशनमुळे पुढे लाखो माणसं जगली. आणि तरीही, सकाळच्या रुग्णाला आधीचे मृत्यू ठाऊक होते का, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. झडपेच्या शस्त्रक्रियेत या दोन्ही गोष्टी जन्मापासून जोडलेल्या आहेत. नवं काही करणाऱ्याच्या हातून माणसं जातात, आणि जाणाऱ्या माणसाला ते आधी कळण्याचा हक्क असतो.

नवी झडप बसवण्याचा मार्ग १९६० मध्ये मोकळा झाला. त्या वर्षी मार्चमध्ये ड्वाइट हार्केन आणि नीना ब्राउनवाल्ड यांनी कृत्रिम झडपा बसवल्या. पण ज्या झडपेनं इतिहास बदलला ती ऑरेगनमधल्या पोर्टलंडची. लोवेल एडवर्ड्स हा निवृत्त इंजिनिअर १९५८ मध्ये आल्बर्ट स्टार या तरुण सर्जनकडे गेला आणि कृत्रिम हृदय बनवू या म्हणाला. स्टार म्हणाले, आधी एक झडप बनवू. पिंजऱ्यात वरखाली होणारा गोळा, अशी त्यांची झडप होती. २५ ऑगस्ट १९६० ची पहिली रुग्ण काही तासांत गेली, रक्तात शिरलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे. २१ सप्टेंबरला ऑपरेशन झालेला दुसरा रुग्ण बावन्न वर्षांचा होता. तो दहा वर्षं जगला आणि घर रंगवताना शिडीवरून पडून गेला.

तेव्हापासून झडपेच्या दोन जाती झाल्या आणि दोन्हींत पुन्हा ऑपरेशनचं बीज आहे. धातू-कार्बनची यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी बसते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरणापासून केलेली जैविक झडप पॅरिसच्या अलाँ कार्पांतिए यांनी १९६० च्या दशकाअखेरीस टिकाऊ केली. तिला कायमची गोळी लागत नाही, पण साधारण दहा ते पंधरा वर्षांत ती कडक होते किंवा फाटते, आणि तरुण शरीरात तर लवकरच. चाळिशीत जैविक झडप बसवणाऱ्याला पुन्हा ऑपरेशनची वेळ येणार, हे पहिल्याच दिवशी माहीत असतं.

पण दुसऱ्या ऑपरेशनचा सगळ्यांत अवघड हिशेब ज्यांना करावा लागला, त्यांची झडप उत्तम चालली होती. ब्यॉर्क-शायली कन्व्हेक्सो-कन्केव्ह ही तिरप्या तबकडीची यांत्रिक झडप १९७९ ते १९८६ या काळात विकली गेली आणि जगभरात सुमारे ८६,००० माणसांच्या हृदयात बसली. तबकडी जागेवर धरणाऱ्या दोन तारांपैकी एक काही झडपांत तुटू लागली. तार तुटली की तबकडी निसटते आणि रक्त मागेपुढे वाहू लागतं. असे तीनांतले दोन रुग्ण दगावत. झडप बाजारातून काढली गेली, पण हजारो लोकांच्या छातीत ती टिकटिकत राहिली. त्रास काहीच नाही, आणि तार उद्या तुटेल की कधीच नाही, हे सांगणारी खात्रीची तपासणी नाही.

काढून टाकावी का? १९९२ मध्ये डच संशोधकांनी आपल्या देशातल्या अशा सुमारे २,३०० रुग्णांची माहिती तपासली. तार तुटण्याचा धोका झडपेच्या आकारावर, तबकडीच्या कोनावर आणि रुग्णाच्या वयावर अवलंबून होता. मोठी झडप असलेल्या तरुण रुग्णात तो इतका होता की ती काढलेली बरी. म्हाताऱ्या रुग्णात ऑपरेशनचाच धोका त्याहून मोठा. त्याच वर्षी झालेल्या न्यायालयीन तडजोडीत झडप बनवणाऱ्या कंपनीनं ठरावीक मर्यादेपलीकडे धोका असलेल्यांच्या पुन्हा ऑपरेशनचा खर्च उचलायचं मान्य केलं. आता या तराजूचं दुसरं पारडं बघावं. समजा एका रुग्णालयात असं पुन्हा ऑपरेशन केल्यावर शंभरातले तीन दगावतात आणि दुसऱ्यात दहा. मग तोच रुग्ण, तीच झडप, पण एका ठिकाणी काढून घेणं शहाणपणाचं आणि दुसऱ्या ठिकाणी वेडेपणाचं. निर्णय झडपेच्या आकड्यांवर जेवढा अवलंबून होता, तेवढाच रुग्णालयाच्या आकड्यांवर. आणि ते आकडे बहुतेक रुग्णांना कुणी सांगत नव्हतं.

दुसऱ्यांदा छाती उघडणं हे पहिल्यासारखं ऑपरेशन नसतं. सर्जनांच्या बोलीत त्याला ‘रीडू’ म्हणतात. पहिल्या वेळी छातीचं मधलं हाड करवतीनं उभं चिरताना मागे हृदय सुटं असतं. बरं होताना हृदय, महारोहिणी आणि मोठ्या शिरा आतल्या व्रणानं हाडाच्या मागच्या बाजूला चिकटतात. दुसऱ्यांदा करवत चालवताना उजवा कप्पा किंवा महारोहिणी फाटली तर क्षणात रक्ताचा लोंढा येतो. म्हणून अनुभवी चमू आधी सीटी स्कॅन करून हाड आणि हृदय यांत किती अंतर आहे ते बघतो. गरज वाटली तर जांघेतल्या किंवा काखेजवळच्या रक्तवाहिनीतून हार्ट-लंग मशीन जोडायची तयारी आधीच करतो, झटका देणारी पॅडं छातीला चिकटवतो, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवतो. मग तासन् तास चिकटलेला प्रत्येक पदर सोडवत जायचं. जुनी झडप काढताना भोवतालचं कडं फाटू द्यायचं नाही. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, वारंवार करण्यानंच येतं.

हा जादा धोका युरोपातल्या सर्जनांनी पुढे आकड्यात बसवला. १९९५ मध्ये आठ देशांतल्या १२८ केंद्रांतून १९,०३० रुग्णांची माहिती गोळा झाली आणि तिच्यावरून १९९९ मध्ये युरोस्कोअर ही मोजपट्टी आली. तीत वयाच्या साठीनंतर दर पाच वर्षांना एक गुण आहे. आधी हृदयाचं ऑपरेशन झालेलं असण्याला एकदम तीन.

अशी मोजपट्टी नसेल तर आकडे जाहीर करणं अन्यायाचं ठरतं, हे न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यानं आधीच ओळखलं होतं. आयुक्त डेव्हिड ॲक्सेलरॉड यांच्या कारकिर्दीत १९८९ पासून राज्यातल्या प्रत्येक बायपास ऑपरेशनची नोंद सुरू झाली. रुग्ण किती आजारी होता, त्याचं हृदय किती दमलेलं होतं, आधी ऑपरेशन झालं होतं का, हे सगळं धरून प्रत्येक रुग्णालयात किती मृत्यू अपेक्षित होते आणि किती झाले, याची तुलना होऊ लागली. १९९० च्या डिसेंबरात रुग्णालयांची यादी प्रसिद्ध झाली. सर्जनांची नावं मात्र खात्यानं रोखून धरली. न्यूजडे या वृत्तपत्रानं माहितीच्या कायद्याखाली खटला भरला आणि जिंकला. १९९१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वाचकांनी सर्जनांची नावं आणि त्यांच्यापुढचे मृत्युदर वर्तमानपत्रात वाचले. १९१९ मध्ये जे टाळायचं होतं, तेच घडलं.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. राज्यातला जोखीम धरून काढलेला मृत्युदर १९८९ मध्ये ४.१७ टक्के होता, तो १९९२ मध्ये २.४५ टक्क्यांवर आला. वर्षाला अगदी मोजकी ऑपरेशनं करणाऱ्या २७ सर्जनांनी राज्यात बायपास करणं सोडलं. त्यांच्या रुग्णांतला मृत्युदर ११.९ टक्के होता, राज्याची सरासरी ३.१. पुढे या अहवालांत झडपेची ऑपरेशनंही आली.

विरोधकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात अशीच यादी निघाल्यावर १९९६ मध्ये छापलेल्या पाहणीत ६३ टक्के सर्जनांनी कबूल केलं की अतिगंभीर रुग्णांवर ऑपरेशन करायला ते आता कमी तयार असतात. न्यूयॉर्कमधले जास्त आजारी रुग्ण ओहायोतल्या क्लीव्हलंड क्लिनिककडे वळत असल्याचंही एका अभ्यासात दिसलं. रीडूचा रुग्ण याच गटातला. ज्याला चांगल्या सर्जनची सर्वांत जास्त गरज, त्यालाच नकार मिळण्याची भीती. पण यावरचा उपाय आकडे झाकणं हा नाही. जोखमीचं माप अधिक बारकाईनं घ्यायला हवं, म्हणजे अवघड रुग्ण घेणाऱ्याची बदनामी होणार नाही.

झाकलेल्या आकड्यांची किंमत इंग्लंडमधल्या ब्रिस्टलनं मोजली. १९८८ मध्ये ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत रुजू झालेले भूलतज्ज्ञ स्टीफन बोलसिन यांच्या लक्षात आलं की तिथली लहान मुलांची हृदयशस्त्रक्रिया फार लांबते आणि मुलं जास्त दगावतात. त्यांनी नोंदी ठेवल्या, वरिष्ठांना सांगितलं, सांगत राहिले. जानेवारी १९९५ मध्ये दीड वर्षाच्या एका बाळाच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांची बैठक झाली, बोलसिन यांनी विरोध केला, तरी ऑपरेशन झालं आणि बाळ गेलं. १९९८ मध्ये दोन सर्जन आणि रुग्णालयाचे मुख्याधिकारी गंभीर व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल दोषी ठरले. इयन केनेडी यांच्या चौकशी समितीनं २००१ मध्ये सांगितलं की १९९१ ते १९९५ मध्ये तिथे एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं इतर केंद्रांच्या मानानं जास्त दगावली. आईबापांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. बोलसिन यांना इंग्लंड सोडून ऑस्ट्रेलियात जावं लागलं. इंग्लंडमधले हृदयसर्जनांचे आकडे त्यानंतर, या शतकाच्या पहिल्या दशकात जाहीर होऊ लागले.

रुग्णालय निवडावं की सर्जन? २००३ मध्ये जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४,७४,००० वयस्क रुग्णांची आठ प्रकारची ऑपरेशनं तपासली. जास्त ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयांत निकाल चांगले दिसत. पण महारोहिणीच्या झडपेच्या बाबतीत हा फरक जवळजवळ पूर्णपणे सर्जनच्या सरावाचा होता. म्हणजे मोठ्या पाटीखाली कमी सरावाचा हात असेल तर पाटीचा उपयोग नाही.

रुग्णालयाचं महत्त्व दुसरीकडे आहे. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रूआँ इथे अलाँ क्रिबिए यांनी छाती न उघडता कॅथेटरनं महारोहिणीची झडप बसवली आणि काही वर्षांत जुन्या जैविक झडपेच्या आतच नवी बसवण्याची पद्धत आली. २०१८ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची १९९७ मध्ये बसवलेली झडप कॅथेटरनं बदलायची ठरली होती. तसं करता आलं नाही. छाती उघडणारा चमू शेजारी तयार उभा होता, म्हणून ते वाचले. दोन वर्षांनी त्यांची दुसरी झडप क्लीव्हलंडला बदलली गेली. पुन्हा ऑपरेशनचा सल्ला दोन्ही पद्धती जाणणाऱ्यांनी एकत्र बसून द्यावा लागतो आणि अडचण आली तर दोन्ही करणारे त्याच छताखाली असावे लागतात.

भारतात ही गरज आणखी मोठी आहे, कारण आपल्याकडे झडपा बिघडतात त्या बहुधा बालपणीच्या संधिवातज्वरानं, आणि रुग्ण तरुण असतो. १९५० च्या दशकापासून परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या विभागात आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आकुंचित झडपा मोकळ्या केल्या गेल्या. त्या पुन्हा आकसल्या की तेच रुग्ण परत येत. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूनं आधीचे तीन नमुने स्वतःच बाद करून चौथी झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्या रुग्णाला बसवली. नंतर ती लाखाहून जास्त माणसांपर्यंत पोचली. आपला नमुना तीनदा नापास ठरवण्याची ही शिस्त आपल्या घरची आहे. पण भारतात कुठल्या सर्जनचे किती रुग्ण जगले, हे सांगणारी न्यूयॉर्कसारखी यादी नाही. महाराष्ट्रातली माणसं अजून ‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ एवढ्या ऐकीव माहितीवर छाती उघडून घेतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून सरकार हृदयाच्या ऑपरेशनचे पैसे देतं, म्हणजे प्रत्येक दाव्याचा कागद सरकारकडे असतोच. जोखीम धरून रुग्णालयवार निकाल जाहीर करण्याची सुरुवात याच कागदांपासून व्हावी. ती होईपर्यंत ज्यांच्या घरात हा प्रसंग आला आहे त्यांनी संकोच सोडून विचारावं. याच झडपेचं दुसऱ्यांदा ऑपरेशन गेल्या वर्षात तुम्ही स्वतः किती जणांचं केलंत? त्यांतले किती घरी गेले? माझी छाती कोण उघडणार? कॅथेटरनं होईल का, नसेल तर का नाही? चांगल्या सर्जनकडे याची उत्तरं तयार असतात. आकडा विचारल्यावर ज्याला राग येतो, तिथून कागदपत्रं घेऊन दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायला जावं.